भांडण मिटते ते पुराव्याने
(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपती ही विद्येची देवता, म्हणून आज ज्ञानकोशाविषयी चार शब्द बोलणार आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तिथे काय छापायचे ते संपादक ठरवत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही लिहू शकतो आणि दुसऱ्याचे लिखाण बदलूही शकतो. मीही फावल्या वेळात तिथे लिहितो. लोक विचारतात, "अहो, मग तिथे भांडणे होत नाहीत का?" होतात की! चार मराठी माणसे जमली आणि वाद झाला नाही, असे कधी घडले आहे का?

आपल्या उत्सवाचेच पाहा. सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला? आपण पटकन म्हणू, लोकमान्य टिळकांनी. पुण्यातील भाऊसाहेब रंगारी यांच्या मंडळाचे म्हणणे असे, की त्यांच्याकडे १८९२ सालीच गणपती बसला. २०१७ साली पुणे महापालिकेने उत्सवाचे १२५वे वर्ष साजरे केले, तेव्हा हा वाद चांगलाच पेटला होता. अशा वेळी ज्ञानकोशाने न्यायाधीश व्हायचे नसते. कोण काय म्हणतो आणि कशाच्या आधारे म्हणतो, एवढे सांगून बाजूला व्हायचे. यालाच तटस्थता म्हणतात.

आता आपल्या रायपूरचे उदाहरण घेऊ. पं. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली त्यांच्याच मासिकात आली. समजा, मी अभिमानाने लिहिले, "ही हिंदीतील पहिली कथा होय." दुसरा कोणी येऊन ते खोडेल आणि किशोरीलाल गोस्वामींची 'इंदुमती' पहिली असे लिहील, कारण ती १९०० साली 'सरस्वती'त आली होती. तिसरा म्हणेल, 'इंदुमती'वर शेक्सपिअरची छाया आहे, ती कशी धरायची? मी पुन्हा माझे वाक्य घालीन, तो पुन्हा खोडील. दिवसभर हेच!

यातून सुटण्याची वाट अशी. प्रत्येक लेखाला जोडलेले एक चर्चापान असते. आधी तिथे बोलायचे, आणि बोलायचे ते वाक्याविषयी, माणसाविषयी नाही. ज्याला विधान ठेवायचे आहे त्याने ग्रंथ आणि पान दाखवायचे. पुरावा नसेल तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण लागते. तरीही जमले नाही तर तिऱ्हाईत संपादकांचे मत घ्यायचे. कोणी हट्टाने खोडाखोडी करीतच राहिला, तर प्रचालक काही काळ पान कुलूपबंद करतात. शेवटी वाक्य असे होते: "काही अभ्यासक सप्र्यांच्या कथेला हिंदीतील पहिली कथा मानतात, इतर काही 'इंदुमती'ला तो मान देतात." माझ्या अभिमानाला थोडी मुरड पडली खरी, पण हे वाक्य कोणी खोडू शकत नाही.

मात्र तटस्थता म्हणजे प्रत्येक गोष्टीत दोन्ही पारडी सारखी, असे नव्हे. एका बाजूला छापील अंक आणि दुसऱ्या बाजूला नुसती ऐकीव गोष्ट असेल, तर वजन अंकालाच मिळणार.

आणि इथेच आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची अडचण आहे. भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगढात आहेत. पण त्यांचा पुष्कळसा इतिहास आजी-आजोबांच्या तोंडी आहे. "आमचे आजोबा सांगत" हा संदर्भ ज्ञानकोशात चालत नाही. राग येतो, पण नियम योग्य आहे. माझे आजोबा चालले तर समोरच्याचेही चालवावे लागतील! आजोबांची गोष्ट मात्र त्यामुळे वाया जाऊ द्यायची नाही. ती आज लिहून ठेवली नाही, तर उद्या आपली नातवंडे शोधतील तेव्हा आपले नावच सापडणार नाही.

म्हणून एक विनंती. घरातल्या ट्रंकेतली जुनी पत्रे, निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणे जपा. ज्येष्ठांकडून ऐकलेले साल-तारखेसह लिहा. कोणी आणि केव्हा सांगितले तेही नोंदवा. ते स्मरणिकेत छापा. स्मरणिकेतली आपणच केलेली आपली स्तुती कोणी पुरावा मानणार नाही, पण नीट नोंदवलेली तारीख पुढच्या अभ्यासकाला वाट दाखवील. आणि इंटरनेटवरून उचललेला मजकूर न तपासता स्मरणिकेत घालू नका. उद्या कोणी त्याच स्मरणिकेचा दाखला देईल, आणि चूक फिरून स्वतःचीच साक्षीदार होईल.

वाद घाला, जरूर घाला. पण हातात कागद घेऊन घाला.

गणपती बाप्पा मोरया!