शिक्षेनंतरच्या धोक्याचे मोजमाप
(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लैंगिक गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगून एखादा मनुष्य तुरुंगाबाहेर येतो, तेव्हा त्याने केलेल्या अपराधाचा हिशेब न्यायालयाने पूर्वीच केलेला असतो. परंतु ज्या वस्तीत तो राहावयास जाणार, तेथील आईबाप एक निराळाच प्रश्न विचारतात : हा पुन्हा तसे करील काय? मागील कृत्याचा न्याय पुराव्यावरून करता येतो. उद्याच्या कृत्याला साक्षीदार नसतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर न्यायासनावरून देण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याची पद्धती त्यापैकी एक असून ती अभ्यासण्यासारखी आहे.

त्या राज्यात लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा २१ जानेवारी १९९६ पासून अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक नोंदणीपात्र गुन्हेगारास तीनपैकी एक स्तर दिला जातो. पहिला स्तर कमी धोक्याचा, दुसरा मध्यम आणि तिसरा अधिक धोक्याचा. सुटकेपूर्वी एक परीक्षक मंडळ कागदपत्रे तपासून शिफारस करते. निर्णय मात्र न्यायालयाचा असतो. सुनावणीची सूचना गुन्हेगारास आगाऊ द्यावी लागते, त्यास वकील मिळतो, आणि गुण सिद्ध करण्याचा भार सरकारी वकिलावर असतो. नुसता संशय पुरत नाही. पुरावा स्पष्ट व खात्रीलायक असावा लागतो.

गुणांचा तक्ता

मोजमापासाठी पंधरा बाबींचा एक तक्ता आहे. बळजबरी वा शस्त्राचा वापर, पीडितांची संख्या, पीडिताचे वय, गुन्हेगाराशी असलेले नाते, पूर्वीचे गुन्हे, दारू वा मादक द्रव्यांचे व्यसन, तुरुंगातील वर्तणूक, सुटकेनंतरची देखरेख, राहण्याची व कामाची जागा, अशा त्या बाबी होत. प्रत्येकीस ठरावीक गुण आहेत. बेरीज ७० पर्यंत असल्यास पहिला स्तर, ७५ ते १०५ असल्यास दुसरा, आणि ११० वा अधिक असल्यास तिसरा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पीडित बालकाचे वय १३ वर्षे, म्हणून २० गुण. गुन्हेगार अनोळखी, म्हणून २०. वस्त्राखालून स्पर्श, १०. व्यसनाचा इतिहास, १५. आणि केलेल्या कृत्याची जबाबदारी तो स्वीकारीत नाही, म्हणून आणखी १०. बेरीज ७५ झाली. मनुष्य दुसऱ्या स्तरात गेला. त्याने आपला अपराध मनापासून मान्य केला असता, तर बेरीज ६५ होऊन तो पहिल्या स्तरात राहिला असता.

हा फरक केवळ कागदावरचा नव्हे. इतर कोणते विशेष वर्गीकरण नसल्यास पहिल्या स्तराची नोंदणी २० वर्षांची असते. दुसऱ्या व तिसऱ्या स्तराची आजन्म. दुसऱ्या व तिसऱ्या स्तरातील गुन्हेगारांची माहिती सर्वांना पाहता येईल अशा सूचीत प्रसिद्ध होते. तिसऱ्या स्तरातील माणसाला दर ९० दिवसांनी पोलिसांकडे स्वतः जाऊन पत्त्याची खातरजमा करून द्यावी लागते. म्हणजे दहा गुणांवर एका माणसाचे उर्वरित आयुष्य, आणि एका वस्तीची सावधगिरी, अवलंबून राहते.

आकड्यापुढील विवेक

म्हणूनच त्या राज्याने आकड्यास अखेरचा शब्द दिलेला नाही. पूर्वी गंभीर लैंगिक गुन्ह्याची शिक्षा झालेली असणे, पीडितास गंभीर इजा वा मृत्यू येणे, पुन्हा गुन्हा करण्याची अलीकडे दिलेली धमकी, किंवा आवेग आवरण्याची शक्ती कमी करणारा वैद्यकीय दोष, यांपैकी एक गोष्ट आढळली तरी बेरीज कितीही असो, प्रथमदर्शनी तिसरा स्तर मानला जातो. याउलट, तक्त्यात न सामावणारी परिस्थिती दाखवून देता आल्यास न्यायाधीश स्तर वर वा खाली नेऊ शकतात. वर न्यावयाचा असेल तर सरकारला स्पष्ट व खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो; खाली आणण्यासाठी गुन्हेगाराने आपली बाजू अधिक संभवनीय असल्याचे दाखविले की पुरते, असे तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. निर्णयाची कारणे नोंदवावी लागतात, आणि त्यावर अपील करता येते.

अमेरिकेत सर्वत्र असे होत नाही. तेथील २००६ च्या संघीय कायद्यात नोंदणीचे तीन वर्ग मुख्यतः गुन्ह्याच्या प्रकारावरून ठरतात. माणसामाणसातील भेद पाहिला जात नाही. ती पद्धत सोपी व एकसारखी खरी. परंतु ज्याच्यापासून भय थोडे आणि ज्याच्यापासून फार, ते दोघे एकाच ओळीत बसले, तर पोलिसांचे लक्ष विभागले जाते आणि लोकांची सावधगिरी बोथट होते. धोक्याचे मोजमाप न्यायाने करणे ही गुन्हेगारावरची मेहेरबानी नसून मुलांच्या संरक्षणाचाच तो भाग होय.

आपल्यासाठी बोध

आपल्या देशात लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसंच २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाला. तो जनतेसाठी खुला नसून तपास यंत्रणांच्या उपयोगासाठी आहे. त्यामुळे गावात कोण नोंदलेला आहे, याची यादी आपल्या हाती नाही. पण यादी असती तरी तिचा आधार अपुराच ठरला असता. वरील तक्त्यात अनोळखी माणसास गुण आहेत. प्रत्यक्षात मुलांवर अत्याचार करणारे बहुसंख्य लोक ओळखीचेच असतात, आणि ज्याचा गुन्हा अद्याप उघडकीस आलेला नाही, त्याचे नाव कोणत्याच सूचीत नसते.

यास्तव आपले पहिले कर्तव्य बालकाचे म्हणणे विश्वासाने ऐकण्याचे आहे. बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती वा शंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे, आणि गुन्हा घडल्याचे ठाऊक असूनही न कळविणे हा स्वतंत्र अपराध आहे. शाळेची वा गावाची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसात मिटविणे कायद्याला मान्य नाही. गुन्हा नोंदला गेला, तरच न्यायालयापुढे पुरावा येतो. आणि पुरावा आला, तरच उद्याचा धोका मोजता येतो. ही साखळी आपल्यापासून सुरू होते, हे ध्यानी ठेवावे, इतकीच माझी विनंती आहे.