दानिश सिद्दीकी : कॅमेऱ्यातली करुणा



दानिश सिद्दीकी हे रॉयटर्स वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार. मुंबईतही त्यांनी काम केलं. इराकमध्ये मोसुलची लढाई त्यांनी टिपली. २०१७ साली म्यानमारमधून रोहिंग्या मुसलमान जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले. होडीतून उतरलेली एक थकलेली बाई किनाऱ्याच्या मातीला हात लावते आहे, हे चित्र दानिश यांचं. या कामाबद्दल रॉयटर्सच्या चमूला २०१८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

म्यानमार हा बहुसंख्य बौद्धांचा देश. म्हणून विहारात हे बोलणं जड जातं. तरी आपणच बोललं पाहिजे. आपल्या वाडवडलांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं. मग दुसऱ्याचं घर जळताना 'ते आपले नव्हेत' असं आपण कोणत्या तोंडानं म्हणणार? तथागतांची करुणा कुणाला धर्म विचारत नाही.

१६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक इथं वार्तांकन करताना दानिश मारले गेले. वय अवघं ३८.

मुक्यांचं दुःख बोलकं व्हावं म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं. डोंबिवलीतल्या आपल्या घरी पेपर येतो, तेव्हा त्यातलं असं एखादं चित्र मुलांना दाखवू या. त्यांना प्रश्न विचारू देऊ या.

जयभीम!