समकालीन मराठी साहित्य : विविध स्वर आणि सांस्कृतिक अस्मिता

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी भाषा साऱ्या महाराष्ट्राची. तिच्यातील छापील साहित्य मात्र दीर्घकाळ मोजक्या घरांतील अनुभवांचे राहिले. ज्यांच्या श्रमांवर गावगाडा चालत होता त्यांचे जगणे साहित्यात आले, तरी ते बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती पालटू लागली. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. पुढे बाबुराव बागूल यांच्या कथा, नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) आणि दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) यांनी मराठी वाचकाला त्याच्याच शेजारचे, परंतु त्याने न पाहिलेले जग दाखविले. वाहरू सोनवणे यांनी भिली बोलीला कवितेत मानाचे स्थान दिले. १९९० मध्ये सोलापूर येथे मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले.

या स्वरांमागे केवढे मोल होते, हे फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांचे छोटेसे दुकान होते. माल बांधून देण्यासाठी आणलेली जुनी वर्तमानपत्रे त्या गल्ल्यावर बसून वाचीत आणि सवड मिळताच लिहीत. घरच्यांचा रोष नको म्हणून हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले. फलटण येथे वास्तव्य असलेल्या विदुषी मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते 'स्त्री' मासिकातून प्रकाशात आले व १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. शीर्षकातील 'आमुचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. ही एका स्त्रीची कहाणी असूनही तीत साऱ्या महारवाड्याचे सुखदुःख आहे. गावाने केलेल्या अन्यायाइतक्याच स्पष्टपणे घरातील पुरुषांनी स्त्रियांना दिलेला जाचही तीत नोंदविला आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'चेही (२००३) असेच. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. पतीच्या निधनानंतर त्यांच्या आईने कोकणात टोपल्या, सुपे विणून संसार चालविला. मीनाक्षी मून यांच्या सहकार्याने आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास शोधणाऱ्या या लेखिकेने अखेर स्वतःच्या घराची वीणही तितक्याच निर्भयपणे उलगडली.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. साहित्य ते साहित्य. त्यामागे दलित, ग्रामीण, आदिवासी, मुस्लिम अशी विशेषणे कशाला? त्याने समाजात फूट पडणार नाही काय? आक्षेप सद्‌भावनेचा असला तरी त्यात एक विस्मरण आहे. फूट या पुस्तकांनी पाडली नाही. गावकुसाच्या रूपाने ती आधीच पडलेली होती. पुस्तकांनी ती फक्त वाचता येईल अशी केली. दुसरीकडे, स्वजनांतूनही या लेखकांना बोल ऐकावे लागले. जुने दारिद्र्य, जुने अपमान चव्हाट्यावर कशाला मांडता, असे त्यांना विचारले गेले. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून लिहिणे हीच त्या लेखनाच्या खरेपणाची कसोटी होय.

तथापि विशेषणाचा एक धोका आहेच. ओळख देणारी पाटी कालांतराने कुंपण बनू शकते. ग्रंथालयात वेगळे कपाट मिळाले, अभ्यासक्रमात एक उतारा आला, म्हणजे कर्तव्य संपले असे समजणे सोयीचे असते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन' कादंबरीस २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु सन्मान हा वाचनाला पर्याय नव्हे. 'जिणं आमुचं' हे केवळ दलित स्त्रीचे पुस्तक नसून मराठी घरसंसाराचा, मराठी गावाचा आणि मराठी बोलीचा दस्तऐवज आहे.

सांस्कृतिक अस्मिता ही वारशाने मिळालेली बंद पेटी नव्हे. आपल्याविषयी दुसरा काय सांगतो, हे ऐकून घेण्याची तयारी असेल तरच ती जिवंत राहते. ज्या घरांत मुलांसाठी पुस्तके विकत घेतली जातात, त्या घरांत अशा पुस्तकांपैकी एक तरी यावे आणि ते वडीलधाऱ्यांनी आधी वाचावे. मराठी खऱ्या अर्थाने सर्वांची होण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.