गंजाला गंज का लागत नाही?

मंडळी, आपल्या वऱ्हाडात गंज म्हणजे सैपाकाचे भांडे. आणि लोखंडाला लागतो तोही गंजच. आज दोन्ही गंजांविषयी बोलू.

विळा पावसात बाहेर राहिला की दोन दिवसांत तांबडा होतो. मग चुलीवरचा जर्मनचा गंज तांबडा का होत नाही? स्टीलची कळशी का होत नाही?

आपण जर्मन म्हणतो, तो धातू असतो ॲल्युमिनियम. हवा लागली की त्याच्या अंगावर आपोआप एक पापुद्रा धरतो. केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही पातळ! डोळ्यांना दिसत नाही, पण आतल्या धातूला हवापाणी लागू देत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो गळून पडतो, आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे.

स्टील म्हणजे लोखंडच. पण त्यात क्रोमियम नावाचा धातू मिसळतात, शंभरात निदान साडेदहा भाग. चांगल्या भांड्यात अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल. क्रोमियममुळे स्टीलवरही पापुद्रा धरतो. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते. त्या खटपटीत हे पोलाद हाती आले. शोधायला गेले बंदुकीसाठी, आले आपल्या ताटात!

पापुद्रा दोघांनाही आहे. तो कशाने फाटतो, यात फरक आहे.

जर्मनचा शत्रू आंबट. अंबाडीची भाजी, ताकाची कढी, चिंचेचे सार. बायांनी पाहिले असेल, रोज पाणी उकळून जर्मनचा गंज आतून काळा पडतो. त्यात एक दिवस अंबाडी शिजवली की लख्ख होतो. काळे गेले कुठे? भाजीत उतरले! एका जेवणाने काही बिघडत नाही. धडधाकट माणसाच्या अंगातून ते बहुतेक लघवीवाटे निघून जाते. पण ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे, त्याच्या अंगात ते साचत जाते. अशा घरी आंबट जर्मनमध्ये रांधू नये. दही तर रात्रभर ठेवूच नये. धुण्याचा सोडा आणि राखेचे पाणी, हेही जर्मनला खातात. भांडे झिजते ते नुसते घासून नव्हे.

स्टीलला अंबाडीचे भय नाही. त्याचा शत्रू मीठ, आणि विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर. खारवलेल्या कैऱ्या स्टीलच्या डब्यात महिनोन् महिने ठेवल्या, तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्याला चिनी मातीची बरणीच बरी. मीठही पाणी उकळल्यावर टाकावे, गार पाण्यात खडे तळाशी बसतात. ब्लिचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवावी.

आणखी एक खोड. जर्मनच्या गंजात खारट कढी, आणि त्यातच स्टीलचा डाव रात्रभर! दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की त्यांतला दुबळा झिजतो. इथे दुबळा जर्मन.

आर्णी-पुसदच्या बाजारात कोणी चुंबक लावून, ‘पाहा, चिकटत नाही, अस्सल स्टील’ म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. निकेल कमी करून मँगनीज घातलेले स्वस्त भांडेही चिकटत नाही, आणि ते मिठाने लवकर डागते.

जर्मन फेका, असे मी म्हणत नाही. हलका आहे, स्वस्त आहे, लवकर तापतो. त्यात भात शिजवा, डाळ शिजवा, अंघोळीचे पाणी तापवा. स्टीलचा एकच गंज घेण्याची ऐपत असेल, तर तो अंबाडीसाठी अन् ताकासाठी राखून ठेवा.