आधी पाहावे, मग योजावे



सेवाभावी संस्थेत येणाऱ्या नव्या कार्यकर्त्यापाशी कळवळा बहुधा असतोच. त्याला शिकावे लागते ते पाहणे. १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल सादर केला. वस्तूची रचना कशी करावी हे सांगताना त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे उदाहरण घेतले. तो कमरेवर नेतात की डोक्यावर, रिकामा आणि भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो, आतून घासता येईल एवढे त्याचे तोंड आहे काय, असे प्रश्न त्यांनी मांडले. वस्तूला लागू पडणारे हे प्रश्न सेवेलाही लागू पडतात.

१९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनासाठी दिल्लीत राजघाट येथे बांधकाम चालू होते. मजूर स्त्रिया काम करीत होत्या आणि त्यांची मुले तेथेच धुळीत होती. मीरा महादेवन यांनी ते पाहिले व तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पाळणाघर दूर एखाद्या सोयीच्या इमारतीत असते, तर अंगावर पिणाऱ्या मुलाला पाजण्यासाठी आईला मजुरीवर पाणी सोडावे लागले असते. म्हणून पाळणाघरच कामाच्या जागी गेले. बांधकाम संपले की मजूर हलतात. तेव्हा पाळणाघरानेही हलावे, हे ओघानेच आले.

कळवळा मुलाला उचलून घेतो. समानुभूती त्याच्या आईच्या दिवसाचा हिशेब मांडते. ती केव्हा उठते, पाणी कोठून आणते, तिला विसावा केव्हा मिळतो, धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरलीची शाळा बुडते काय? प्रशिक्षणात व्याख्यानांच्या आधी एक संपूर्ण दिवस अशा पाहण्यासाठी ठेवावा, आणि त्या दिवशी उपाय सुचविण्यास मनाई असावी.

दुरून मोजले की काय होते, याचे उदाहरण कायद्यातही सापडते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने, जेथे ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद केली. पाऊल महत्त्वाचे होते. तथापि मोजणी स्त्रियांची झाली, मुलांची नव्हे. ४० स्त्रियांच्या कामावरील तान्हे मूल त्या तरतुदीबाहेरच राहिले.

म्हणून कार्यकर्त्याची कसोटी एकच: आपण कष्टाने आखलेली योजना, एखाद्या आईने तिची अडचण सांगताच, बदलण्याची त्याची तयारी आहे काय?