रात्री दोनला घंटा वाजली, तर उठणार कोण?



मागच्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरींची गडबड चालू असताना आमच्या महिला उत्पादक कंपनीच्या ऑफिसात एक मेल आला. सोबत ऑर्डरची म्हणून एक फाइल. शनिवारी संध्याकाळी निघता निघता आम्ही ती उघडली. आत काहीच दिसलं नाही, म्हणून बंद करून घरी गेलो. कॉम्प्युटर चालूच राहिला. सोमवारी येऊन बघतो तर एक फाइल उघडेल तर शपथ. बिलं, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, गटांच्या कर्जाचा हिशोब, सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर इंग्रजीत पैशाची मागणी. याला रॅन्समवेअर म्हणतात. आपल्याच घराला चोराने कुलूप घालायचं आणि वर किल्लीचे पैसे मागायचे, असला प्रकार.

पैसे दिले नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. गटांच्या हाताने लिहिलेल्या नोंदवह्या होत्या, म्हणून हिशोब पुन्हा उभा राहिला. तीन आठवडे रात्री जागून भरला. पण सभासदांच्या आधारच्या आणि पासबुकांच्या प्रतीही त्याच कॉम्प्युटरमध्ये होत्या. बैठकीत एका मावशींनी विचारलं, "माझी कागदं कुणी नेली का गं?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. नेली म्हणून सांगता येईना आणि नाही नेली म्हणूनही सांगता येईना. कुलूप लागलेलं दिसत होतं, चोर आत काय काय करून गेला ते कळायला काही मार्गच नव्हता.

तुम्ही म्हणाल, अँटिव्हायरस नव्हता का? होता, मुदतीतला होता. मग आम्ही माहिती काढायला लागलो, तेव्हा कळलं की राखणीतही प्रकार असतात.

साधा अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीचे चोर पकडतो. त्याच्याकडे यादी असते. यादीतला चेहरा दिसला की दार लावतो. आताचे अँटिव्हायरस थोडंफार वागणंही बघतात, पण नवा चेहरा निसटू शकतो. दुसरा प्रकार आहे ईडीआर. तो प्रत्येक कॉम्प्युटरवर बसून वागणूक बघतो आणि लिहून ठेवतो. हिशोबाची फाइल रोज एकदा उघडते, ती ठीक. पण रात्री दोनला एकच प्रोग्राम पाच मिनिटांत हजार फाइली बदलायला लागला, तर तो यादीत असो नसो, काहीतरी भलतं चाललंय एवढं तो ओळखतो. मग तो प्रोग्राम थांबवतो आणि तो कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडतो. लम्पी आला तेव्हा आजारी जनावर आपण लगेच वेगळं बांधलं ना, तसंच. आणि लिहून ठेवलेलं असतं म्हणून मावशींच्या प्रश्नाचा मागही निदान काढता येतो.

तिसरा प्रकार एमडीआर. त्यात सॉफ्टवेअरबरोबर माणसंही येतात. कंपनीची माणसं रात्रंदिवस पडद्यासमोर बसून इशारे बघतात आणि आपण झोपलेलो असलो तरी आपला कॉम्प्युटर तोडू शकतात. अर्थात याचे पैसे जास्त.

खरेदी म्हटली की तीन दरपत्रकं, हा आपला नियम. तसं आम्ही तीन मागवली. बाजारात नावं पुष्कळ आहेत. पुण्याच्या क्विक हीलचं धंद्यांसाठीचं सेक्राइट आहे, मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर फॉर बिझनेस आहे, सोफोस आहे, क्राउडस्ट्राइक आहे. आमच्याकडे आलेली तीन कुठली ते सांगत नाही. तुमचं ऑफिस वेगळं, तुमची गरज वेगळी; आमचं नाव ऐकून तुम्ही तेच घेऊन टाकाल.

विकायला आलेले सगळे एकच सांगत होते, आमचं शंभर टक्के पकडतं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अशा सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेऊन निकाल जाहीर करतात, ते जरूर बघावेत. अमेरिकेतली माइटर ही संस्थाही चाचणी घेते, पण ती पहिला-दुसरा नंबर देत नाही. म्हणून 'माइटरमध्ये आम्ही पहिले' असं कुणी म्हणालं, तर तो नंबर त्याने स्वतःच लावून घेतलेला असतो. आम्ही तर सरळ म्हटलं, आमच्यासमोर दाखवा. इकार नावाची एक निरुपद्रवी फाइल असते, ६८ अक्षरांची, मुद्दाम चाचणीसाठीच बनवलेली. तिने काही बिघडत नाही, पण सॉफ्टवेअरने ती पकडायला हवी. त्यावरून राखणदार जागा आहे एवढंच कळतं, हुशार किती ते कळत नाही. पण तो जागा असल्याचं तरी बघून घ्यावं.

खरी घासाघीस झाली ती दुसऱ्याच प्रश्नावर. आम्ही विचारलं, शनिवारी रात्री दोनला इशारा आला तर तो कुणाच्या फोनवर येणार? कुठल्या भाषेत? आणि पुढे करायचं काय, ते कोण सांगणार? एकाने सांगितलं, डॅशबोर्डवर दिसेल. डॅशबोर्ड म्हणजे ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा पडदा. रात्री तिथे बघायला पाल आहे फक्त.

आम्ही शनिवार धरून बसलो, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले. त्यातले बहुतेक ११ तारखेला एटीएममधून, निरनिराळ्या देशांत, काही तासांत गेले. तो शनिवार होता. बाकीचे १३ तारखेला, सोमवारी, परदेशी पाठवले गेले. मोठी बँक, तिथे माणसं नेमलेली, तरी हे झालं. आमच्याकडे तर शनिवारी दुपारनंतर चिटपाखरू नसतं.

दुसरा प्रश्न नोंदींचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले आहेत. त्यानुसार असा हल्ला कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं आणि कॉम्प्युटरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. हे कंपन्यांनाही लागू आहे, आणि आपली उत्पादक कंपनी ही कंपनीच. आम्हाला हे माहीतच नव्हतं. एका दरपत्रकात नोंदी फक्त तीसच दिवस राहणार होत्या, जास्तीच्या दिवसांना वेगळे पैसे. ते बारीक अक्षरात होतं. आमच्या हिशोबनीस ताईंनी चष्मा लावून शोधलं.

दराचंही तसंच. कुणी माणशी दर लावतं, कुणी यंत्रामागे. आमच्याकडे माणसं नऊ आणि कॉम्प्युटर चार, त्यामुळे स्वस्त दिसणारं दरपत्रक गुणाकार केल्यावर महाग निघालं. तुमच्याकडे उलटं होईल. शिवाय पहिल्या वर्षाच्या दरावर भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर लेखी घ्या.

महिनाभर फुकट वापरून बघायला मिळतं का तेही विचारा. आमच्या चाचणीत आमचा लेबल छापायचा प्रोग्रामच चोर ठरून बंद पडला आणि दोनशे पाकिटं लेबलाविना पडून राहिली. चिडलो खरं, पण ते दिवाळीत कळण्यापेक्षा श्रावणात कळलेलं बरं. राखणदारही चुकतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले होते, विमानतळांवर रांगा लागल्या होत्या. सॉफ्टवेअर नामांकित असलं तरी हिशोबाची प्रत वेगळी हवीच.

म्हणून सर्वांत आधी आम्ही दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक ऑफिसात, दुसरी दर शुक्रवारी प्रत घेऊन, तार काढून, अध्यक्ष काकूंच्या घरी कपाटात. तार लावूनच ठेवली तर तिलाही कुलूप लागतं. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाइल उघडून बघतो. एक जुना कॉम्प्युटर विंडोज १० चा होता. त्याला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचा आधार बंद केला, म्हणून त्याचं इंटरनेट काढून टाकलं. आता तो फक्त लेबलं छापतो. आणि सभासदांच्या आधारच्या ज्या प्रती ठेवायची गरजच नव्हती, त्या पुसून टाकल्या. याला पैसा लागला नाही, दोन दुपारी लागल्या.

यातलं काहीच अजून केलेलं नसेल, तर विंडोजबरोबर येणारं डिफेंडर चालू आहे का तेवढं आजच बघा. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर कॉम्प्युटर साफ करायची साधनंही फुकट मिळतात.

आम्ही ठराव केला तो माणसांसकटच्या राखणीचा. तीन दरपत्रकांत ते सर्वांत स्वस्त नव्हतं, आणि दोघी-तिघींनी इतिवृत्तात विरोध नोंदवला आहे. त्यांचं म्हणणं, एवढ्या पैशात चटणीचं दुसरं यंत्र आलं असतं. खोटं नाही ते. पण मावशी पुन्हा विचारतील तेव्हा आम्हाला गप्प बसायचं नाही.

रात्रीच्या फोनसाठी दोन नंबर द्यायचे होते. पहिला आमचा दिला. दुसरा उपाध्यक्षांचा ठरला होता, पण त्या राहतात वरच्या वाडीत आणि तिथे रेंज अंगणातल्या आंब्याखालीच येते. मग हिशोबनीस ताईंचा दिला. त्यांनी त्या नंबराला वेगळी रिंगटोन लावून घेतली आहे, आणि नवऱ्यालाही सांगून ठेवलंय, हा फोन वाजला तर मला हलवून उठवायचं.