ट्रामचे पैसे

(महिला शाखेच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या शाखेची एक जुनी कार्यकर्ती गेल्या वर्षी निवर्तली. तिच्याविषयी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. तिचे नाव मात्र मी घेणार नाही. सभेत आपले नाव उच्चारलेले तिला खपत नसे. आभाराची वेळ आली की ती हटकून चहाच्या भांड्यांकडे निघून जाई.

आम्ही दोघी दादरला एकाच चाळीत वाढलो. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, तेव्हा आम्ही पावकी-निमकी घोकीत होतो. “एवढे पाठ केले ते काय फुकट?” असे म्हणून तिने जो हट्ट धरला तो जन्मभर सोडला नाही. घरखर्चाची वही ती अखेरपर्यंत रुपये-आण्यांत लिही. तरुण भाजीवाले तिच्या ‘बारा आण्यां’पुढे गोंधळून जात, आणि त्यांना हिशेब शिकवीत ही बाई रस्ता अडवून उभी राही!

३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची ट्राम बंद झाली. त्या दुपारी आम्ही दादरहून बोरीबंदरपर्यंत शेवटचे बसून आलो. माझे पैसे घरी राहिले होते. तिकीट तिने काढले. तेव्हापासून “माझे ट्रामचे पैसे?” हा तिचा तगादा कधी थांबला नाही. देऊ केले तर घेई मात्र नाही. म्हणे, “ट्राम पुन्हा सुरू झाली की फेड.”

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे यजमान गिरणीत नोकरीस होते. पगार थांबला, मुले लहान. त्या दिवसांत ती दरमहा येई, साखरेच्या डब्याखाली पाकीट ठेवी, आणि उंबरठ्यावर दरडावून विचारी, “ट्रामचे पैसे कधी देतेस?” मला हसू फुटे, आणि पाकिटाविषयी बोलायचे राहून जाई. तिची ही युक्ती मला फार उशिरा उमगली. पुढे ती रक्कम जमवून मी नेली, तेव्हा तिने ती निमूटपणे मोजून घेतली. ‘राहू दे’ म्हणाली नाही, ह्याबद्दल मी तिची अधिक ऋणी आहे.

३० जून २०११ रोजी चार आण्यांचे नाणे चलनातून गेले. त्यातले एक मी जपून ठेवले होते. तिच्या अखेरच्या आजारात ते रुग्णालयात नेले आणि ती झोपलेली पाहून उशाशी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तिच्या सूनबाई ते घेऊन माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, “सासूबाईंनी परत पाठवले आहे. ट्राम अजून सुरू झालेली नाही, असे सांगायला सांगितले आहे.”